काकांना ऑक्टोपॅड हवाय, तुला नकोय

पत्र थोडक्यात: लिहिणारा तरुण पुण्यात नोकरी करतो आणि कॉलेजच्या जुन्या मित्रांबरोबर नाटकं करतो. सध्या ऊसतोड कामगारांवर सव्वा तासाचं संगीत नाटक बसवतायत, गोंधळ, रॅप आणि रॉक एकत्र करून. बँड घरचाच, म्हणजे ड्रम्स, बेस, गिटार, लॅपटॉपवर एक जण आणि रॅप करणारी एक मुलगी. गोंधळासाठी याच्या आजोळचे एक गोंधळी काका येतात, साठीच्या आसपासचे, पिढीजात कला. अडचण अशी की काका क्लिकवर (कानात ठरावीक स्पीडने वाजणारी टिकटिक) वाजवत नाहीत, लय चढवत नेतात आणि लूप, म्हणजे लॅपटॉपवर फिरत राहणारा तयार तुकडा, मागे पडतो. तालमींना खाडे होतात. वर ते म्हणतात पुतण्याला ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड) घेऊन आणतो, आणि याला तर 'ओरिजिनल' संबळ, म्हणजे गोंधळातलं जोड-तालवाद्य, हवाय. रॅपर मुलीला आवाहन लांबलचक वाटतं. एका ज्येष्ठ मार्गदर्शकांनी तालीम बघून "लोककलेची वाट लावताय" असं सुनावलं. आता ग्रुपचं म्हणणं की काकांचं एकदा रेकॉर्डिंग करून घेऊ, त्याचे तुकडे कापून लॅपटॉपवरून वाजवू (सॅम्पल करू) आणि त्यांना मोकळं करू. याचा प्रश्न: "ताई, लोककला आणि मॉडर्न यांचं प्रमाण किती ठेवू म्हणजे दोन्हीकडचे लोक नाराज होणार नाहीत?"

अरे, प्रमाणाचं आधी डोक्यातून काढून टाक. साठ-चाळीस, पन्नास-पन्नास असं काही नसतं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला त्यात प्रमाणाचा प्रश्न दिसलाच नाही, दिसलं ते एवढंच की तुम्ही सगळे मिळून एक नाटक करताय आणि काका तुमच्या नाटकात येऊन जातात. त्यांनी कधी वाजवायचं, किती वाजवायचं, कुठल्या स्पीडला, काय घालून, सगळं तुम्ही ठरवताय. आणि मग ते ऐकत नाहीत म्हणून तुला अडचण होतेय.

ऑक्टोपॅडचंच बघ. मला वाचताना हसू आलं, रागावू नकोस. तुझ्या ग्रुपमध्ये लॅपटॉप चालतो, प्रोसेसर लावलेली गिटार चालते, पण काकांच्या पुतण्याने ऑक्टोपॅड आणला की गोंधळ बिघडला. म्हणजे मॉडर्न व्हायचा हक्क फक्त तुम्हाला, काकांनी मात्र शंभर वर्षांपूर्वीचं राहायचं. गावात लग्नाच्या, जागराच्या गोंधळात आज काय काय असतं ते तू आजोळी बघितलंच असशील. कॅसिओ असतो, बँजो असतो, ऑक्टोपॅडही असतो, आणि तमाशाच्या फडात तर स्टेज बघितलं की ऑर्केस्ट्राच वाटतो. ही माणसं लोकांसमोर वाजवून पोट भरतात, लोकांच्या कानाला आज काय लागतं हे त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळतं. तुला जे 'ओरिजिनल' वाटतंय ते बहुतेक माहितीपटात बघितलेलं आहे.

मी असं म्हणत नाही की ऑक्टोपॅड घेच. कदाचित तो खरंच वाईट वाजेल, त्यातले काही रेडीमेड आवाज फार भयानक असतात. पण "तो लोककलेत बसत नाही" हे कारण देऊ नकोस, "या प्रसंगात तो कानाला बरा लागत नाही" असं कारण असेल तर दे, आणि तेही पुतण्याला एकदा तालमीला बोलावून, ऐकून झाल्यावर. मला तर वाटतं तो पोरगा तुझ्या फार कामाचा निघेल. काकांची लय त्याच्या अंगात आहे आणि पॅड त्याच्या हाताखाली आहे, तुझ्या लॅपटॉपवाल्याला आणि काकांना जोडणारा माणूस तोच. त्याला आणायचं म्हणजे एक मानधन वाढणार, ते धरून चाल.

आता ज्येष्ठांचं. "वाट लावताय" हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक पिढीला ऐकवलं जातं. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली शाकुंतल आणलं त्यात साकी-दिंडीपासून कर्नाटकी चालींपर्यंत सगळं होतं, आणि ज्या ऑर्गनशिवाय नाट्यसंगीत आपल्याला पूर्ण वाटत नाही तो काही सह्याद्रीत उगवलेला नाही. तरी आज तेच शुद्ध. म्हणून सरमिसळ केली या आरोपाचं फार मनावर घेऊ नकोस. पण ज्येष्ठांनी ते का म्हटलं असेल हे मात्र शोध, कारण त्यांना काहीतरी खटकलंय आणि ते नीट सांगता आलं नसेल. माझा अंदाज सांगते. तुझा जो प्रसंगांचा क्रम तू पत्रात दिलायस त्यात गोंधळ सुरुवातीला एकदा येतो, मध्यंतराच्या जागी एकदा येतो आणि शेवटी सगळे मिळून उदो उदो. बाकी सगळं नाटक नेहमीसारखं संवाद, ब्लॅकआउट, गाणं, संवाद. म्हणजे गोंधळ तिथून काढला तरी नाटक तसंच्या तसं उभं राहील. त्यांना खटकलं असेल ते हे.

तेंडुलकरांचं घाशीराम कोतवाल आठव. 1972 चं नाटक, त्यात खेळे आहेत, कीर्तन आहे, लावणी आहे, पण मागे ओळीने उभी राहणारी ती माणसांची भिंत काढून बघ, नाटक कोसळतं. तीच भिंत लपवते, तीच दाखवते, तीच पुणं होते. किंवा सतीश आळेकरांचं महानिर्वाण घे, 1974 चं. तिथे मेलेला माणूस स्वतःच स्वतःच्या मरणाचं कीर्तन करतो. कीर्तन काढलं तर उरतं काय? आणि पु. लं.च्या 1978 च्या तीन पैशाचा तमाशामध्ये तर मूळ नाटक जर्मन नाटककार ब्रेख्तचं, सोबत नंदू भेंड्यांसारखा रॉक गाणारा माणूस, तरी ते मराठी वाटलं कारण तमाशाची चौकट कामाला लावली होती. या सगळ्यांनी लोककलेकडून चाली कमी उचलल्या, गोष्ट सांगायची रीत जास्त उचलली. तू उलटं केलंयस, चाल घेतलीस आणि रीत सोडलीस.

गोंधळाची रीत काय आहे ते तुला काकांकडूनच कळेल, पण ढोबळ सांगते. आधी गण (गणपतीची स्तुती), मग देवांना आवाहन, मग आख्यान, मग आरती. आख्यानात मुख्य गोंधळी गोष्ट लावतो आणि साथीदार मधेमधे त्याला अडवतो, शंका काढतो, टिंगल करतो, लोकांच्या मनात जे आलं असेल ते मोठ्याने विचारतो. गाणं, बोलणं, नक्कल सगळं त्यातच, एकच माणूस क्षणात राजा आणि क्षणात दासी होतो, कपडे बदलायला विंगेत जात नाही. विठ्ठल उमपांचं जांभूळ आख्यान कुठे बघायला मिळालं तर ग्रुपला दाखव, एका माणसात किती पात्रं मावतात ते कळेल.

तर मग तुझ्या नाटकाचा निवेदक काकाच का नाहीत? आणि त्यांना अडवणारा साथीदार ती रॅपर मुलगी का नाही? ते म्हणणार मुकादमाने उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिली, ही विचारणार किती दिली, फेडायची कशी, कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एकच का मोजता, बाईचा हिशोब वेगळा का नाही. ती रॅपमध्ये विचारू दे, काका त्यांच्या पद्धतीने उत्तर देऊ देत, कधी उत्तर नसेल तर संबळावर नुसती एक थाप मारून पुढे जाऊ देत. रॅपला असं समोरासमोर भिडणं आवडतंच. तुला वेगळं फ्यूजन करायलाच नको मग, दोघांनाही भांडायला एक गोष्ट मिळाली की झालं.

आवाहन लांबतं म्हणते ना ती मुलगी, तिला एकदा नीट ऐकायला लाव. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, एकेकाला गावाच्या नावासकट हाका मारून गोंधळाला बोलावतात. नावांची यादी लयीत म्हणणं हे तर रॅपवाले रोज करतात! तिने त्याच्याच पुढे तिची यादी जोडावी, आष्टी, पाटोदा, धारूर, वडवणी, शिरूर कासार, बीड जिल्ह्यातली, जिथून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात ती गावं. देव गोंधळाला येतात आणि माणसं उसाच्या फडावर जातात. हे जमलं तर ते आवाहन कोणालाच लांब वाटणार नाही.

आणि एक गोष्ट मला कळेचना की तुमच्या कोणाच्या लक्षात कशी आली नाही. गोंधळ मांडतात तेव्हा पाटावर चौक भरतात, कलश ठेवतात आणि वर पाच ऊस उभे करून बांधतात. ऊस! तुमचं नाटक ऊसतोडीवर आहे आणि तुम्ही प्रोजेक्टरवर ड्रोनने काढलेलं उसाचं शेत दाखवताय. सेट तिथेच आहे ना. मात्र ती मांडणी खरी असावी की नाटकापुरती, तिच्यासमोर चप्पल चालेल का, त्यातला ऊस नाटकात कोयत्याने तोडलेला काकांना चालेल का, हे त्यांना विचारल्याशिवाय काही करू नकोस. तुझ्यासाठी तो सेट आहे आणि त्यांच्यासाठी तो कुळाचार आहे, कुठे थांबायचं ती रेघ त्यांनी आखायची. ते कदाचित तुझ्या कल्पनेपेक्षा जास्त मोकळे असतील, कदाचित एखादी गोष्ट साफ नाही म्हणतील. नाही म्हटलं तर नाही. दिवटीचंही (गोंधळातली पेटती मशाल) तसंच, पण तिथे नाट्यगृहाच्या मॅनेजरलाही आधी विचार, बऱ्याच ठिकाणी स्टेजवर उघडी आग चालत नाही, आणि हे प्रयोगाच्या दिवशी कळलं तर पंचाईत.

आता लय. खरं भांडण इथे आहे हे मला माहितीये. क्लिक काढून टाक असं सरळ सांगितलं तर तुझा ड्रमर मला शिव्या घालेल, पण विचार कर, गोंधळात लय चढते ती वाजवणाऱ्याला स्पीड सांभाळता येत नाही म्हणून चढत नाही. ती चढवतात. अंगात येईपर्यंत नेतात. ती एका आकड्यावर खिळे ठोकून बसवली की गोंधळातला जीवच गेला, मग संबळ असला काय आणि नसला काय. म्हणून जिथे संबळ वाजतोय तिथे ड्रमरने काकांच्या हाताकडे बघून वाजवायचं, उलटं नाही. लॅपटॉपवाल्याने लांब लूप न सोडता छोटे तुकडे पॅडवर ठेवून हाताने मारायचे. एबलटन या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये 11 व्या आवृत्तीपासून बाहेरच्या वाद्याचा टेम्पो पकडायची सोय आहे, पण स्टेजवरच्या गोंगाटात मी तरी तिच्या भरवशावर राहणार नाही, हातच बरा. आणि जिथे तुला क्लिक हवाच आहे, म्हणजे व्हिडिओ आहे किंवा दाट इलेक्ट्रॉनिक भाग आहे, तिथे संबळ थांबव आणि परत येताना काकांच्या आवाजावर ये, तालावर नको. आवाज आधी, मग ताल, म्हणजे नवीन स्पीड त्यांना ठरवता येतो.

चढत्या लयीचा नाटकात उपयोग कर की. फडावर टनावर पैसे मिळतात, गाडी भरायची घाई असते, मुकादम मागे लागलेला असतो. संबळ चढत जाऊ दे आणि ती मुलगी त्यावर रॅप करत राहू दे, शब्द मोडेपर्यंत, श्वास तुटेपर्यंत. प्रेक्षकाला आकडेवारी सांगायची गरज नाही मग.

तू लिहितोस की बीट "बसतच नाही", चार-चारचा बीट लावला की काका बाहेर जातात. मला वाटतं ते सहाच्या चालीत वाजवतायत आणि तुम्ही चार लावताय. बारावर मोजा. सहाची दोन आवर्तनं म्हणजे बारा, आणि ड्रमरचे चार ठोके प्रत्येकी तीनचे केले तरी बारा. दोघं समेवर भेटतात. रॅपर मुलीला ट्रिपलेट, म्हणजे एका ठोक्यात तीन अक्षरं, येत असणार, आजकाल सगळ्यांनाच येतात, तिला त्या तीन-तीनच्या अंगाने म्हणायला सांग, एका तालमीत बसेल.

सुराचंही बघ. काका काळी चारच्या सुरात म्हणत असतील तर गिटारवाल्याने तोंड वाकडं करायचं कारण नाही, चौथ्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून ई च्या शेपमध्ये वाजवलं की झालं. तुमच्या सोयीसाठी त्यांना खाली ओढू नका, तो आवाज वरच्या पट्टीतच फुटतो. बेसला मात्र मोकळी जागा आहे कारण तुणतुणं वर आणि बेस खाली, मधे भांडण नाही. ड्रमकिटचं भांडण आहे, स्नेअर (कडक वाजणारा ड्रम) आणि संबळ एकमेकांवर चढतात. काका वाजवतायत तेव्हा ड्रमरने फक्त किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, ठेवावी, फार तर टॉम. संबळाला दोन माइक लागतील आणि तो कमरेला बांधून ते नाचणार म्हणजे स्टँडचे माइक उपयोगाचे नाहीत, क्लिपचे भाड्याने घ्या. पावसाळ्यात चामडं उतरतं हे लक्षात ठेव, प्रयोगाआधी काकांना वाद्य चढवायला वेळ दे, साउंडचेक त्यांचं सगळ्यात शेवटी, पडदा उघडायच्या अगदी आधी.

खाड्यांबद्दल तू "प्रोफेशनल नाहीत" असं लिहिलंयस ते मला आवडलं नाही. तुझ्या तारखा बघ, तालमी तू नवरात्रात लावल्यास! गोंधळ्याला नवरात्र आणि लग्नसराई म्हणजे वर्षाची कमाई असते, तुला शनिवार-रविवारी सुट्टी असते म्हणून तालीम शनिवार-रविवारी, आणि जागर आणि लग्नंही नेमकी तेव्हाच. त्यांच्या सुपाऱ्यांची, म्हणजे ठरलेल्या कार्यक्रमांची, वही बघून मग तुझं कॅलेंडर भर. शक्य असेल तर चार-पाच तालमी त्यांच्या गावी जाऊन करा, सगळा बँड घेऊन. पैसे लागतील, हो. प्रोजेक्टर कमी करा.

आता ती सॅम्पलची आयडिया. सोपी आहे हे मान्य. पण एक तर वर सांगितलेलं सगळं त्यात मरतं, चढणारी लय नाही, सवाल-जवाब नाही. आणि दुसरं म्हणजे कायदा. पारंपरिक गोंधळगीतावर कोणाची मालकी नसते म्हणून ते रेकॉर्डिंगही फुकट असं ग्रुपमध्ये कोणीतरी म्हणालंय ना, ते चूक आहे. गाणं पारंपरिक असलं तरी काकांच्या सादरीकरणावर काकांचा हक्क आहे, आपल्या कायद्यात तो 50 वर्षं टिकतो. संमती न घेता रेकॉर्डिंग करणं, ते वाजवणं, नेटवर टाकणं, काहीच करता येत नाही. शिवाय सगळंच पारंपरिक असेल असंही नाही, काकांच्या वडिलांनी एखादं पद रचलेलं असेल तर ते विचारून घे आणि त्यांचं नाव लाव. शेवटच्या गाण्यात अण्णाभाऊ साठ्यांच्या ओळी घ्यायच्या म्हणतोस, त्यालाही परवानगी लागेल. ते 1969 साली गेले आणि कॉपीराइट मृत्यूनंतर 60 वर्षं, म्हणजे 2029 संपेपर्यंत.

समजा काका स्वतःच म्हणाले की मला एवढे प्रयोग झेपणार नाहीत, रेकॉर्डिंग करून घ्या, तर गोष्ट वेगळी. मग करा, पण कागद करून. कागद एरवीही कराच, मराठीत, एक पान पुरे. प्रयोगाचं मानधन किती, तालमीचं किती (तालमीचे पैसे द्यायचेच, त्या दिवशीची सुपारी ते सोडतायत), प्रवास-जेवण कोणाचं, पुतण्याचं वेगळं, व्हिडिओ कुठे टाकणार आणि त्यातून पैसे आले तर कसे वाटणार. आणि पोस्टरवर "विशेष सहभाग" नको रे. संगीत या शब्दापुढे तुमच्या गिटारवाल्याबरोबर काकांचं नाव, त्याच टाइपात. गोंधळी समाज आपल्याकडे भटक्या जमातींच्या यादीत आहे. ज्यांची कला वाजतेय त्यांची नावं इतकी वर्षं "आणि साथीदार" मध्ये गेलीत, तुम्ही त्यात आणखी भर घालू नका.

तुझ्यासारखी पत्रं आणखी येतात, कोणाला भारूड आणि जॅझ करायचंय, कोणाला दशावतार आणि टेक्नो, त्यांनाही माझं हेच विचारणं असतं की तुमच्या तालमीत "नको, असं नको" म्हणायचा अधिकार त्या लोककलावंताला आहे का, आणि त्याने तो कधी वापरलाय का. काका अजून एकदाही नाही म्हणाले नसतील तर ते तुम्हाला पाहुणे समजतायत किंवा साहेब समजतायत. मुंबईच्या स्वदेसी या हिपहॉप ग्रुपने आरेच्या जंगलावरच्या गाण्यात तिथल्याच प्रकाश भोईरांना गायला घेतलं, ते ऐक, तिथे त्यांचा आवाज मागे शोभेला ठेवलेला नाही, मुद्दाच तो आहे.

हे सगळं करूनही एक शक्यता राहते की काकांना तुमची गोष्टच पटणार नाही, किंवा त्यांना बसतंय तेवढंच बरं वाटेल, आले, वाजवलं, पाकीट घेतलं, गेले. तेही चालेल. मग दोनच जागा ठेव, पण त्या त्यांच्या पद्धतीने, पूर्ण लांबीच्या, मधे बँडची लुडबुड नको, आणि बाकीच्या नाटकाला गोंधळ म्हणू नकोस, जाहिरातीतसुद्धा.

पुढच्या तालमीला स्क्रिप्ट घेऊन जाऊ नकोस. काकांना फक्त गोष्ट सांग, कोण निघालं, कुठे गेलं, काय झालं, आणि म्हण की तुम्ही लावा हे आख्यान तुमच्या पद्धतीने, आम्ही ऐकतो. पुतण्याला बोलव. फोनवर रेकॉर्ड कर, विचारून. बँडने त्या दिवशी वाद्यं उघडायचीच नाहीत. ते अर्ध्या तासात जे करतील त्यात तुझ्या पहिल्या अंकापेक्षा जास्त नाटक असेल असा माझा होरा आहे, खोटा ठरला तर परत लिही.

एक कामाचं राहिलं. पब्लिक प्रयोग लावायच्या आधी संहिता सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते, गाण्यांसकट, आणि तुझी रॅपर फ्रीस्टाइल करणार, काका ऐनवेळचं बोलणार, ते कागदावर कसं आणायचं याचा आत्तापासून विचार कर. त्या फोनवरच्या रेकॉर्डिंगवरून कोणीतरी शब्द उतरवून काढायला बसा. आणि गावी जत्रेत उघड्यावर प्रयोग करायचा बेत असेल तर स्पीकर रात्री 10 ला बंद करावे लागतील, म्हणजे सव्वा तासाचं नाटक साडेआठला सुरू झालंच पाहिजे, गावच्या पुढाऱ्याचं भाषण धरून आठला.